पंधरा किलोची पिशवी, पन्नास किलोचा कट्टा

संपादकांनी कविता मागितली होती. कविता देत नाही. पाठ दुखते आहे म्हणून सरळ गद्यात लिहितो. ज्यांना घामावरची कविता वाचायची हौस आहे त्यांनी दुसरे पान उलटावे. घामावर कविता लिहिणारे मध्यमवर्गात पुष्कळ झाले. त्यांच्यातल्या एकानेही कट्टा पाठीवर घेतल्याचे मला माहीत नाही.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. मॅट्रिक पास. घर भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात. मागच्या हिवाळ्यात ठेका संपला. नवा लागायला अडीच महिने होते. मुंबईत खाडा भरत बसण्यापेक्षा गाव बरे म्हणून गाडी धरली. आईच्या हातची भाकर चार दिवस खाल्ली. पाचव्या दिवशी मामा दारात उभे.

"भाच्या, घरी बसून काय करशीन? चाल माह्यासंगं. पेलेटच्या कारखान्यात टोळी लागली आहे."

"पेलेट म्हंजे काय जी?"

"तनसाच्या गोळ्या. तू चाल त."

मित्रांनो, आधी ही गोळी समजून घ्या. तुमच्यापैकी बरेच जण शहरातले. भात ताटात बघता, धान बघत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्व भाग हा धानाचा मुलूख. धान कापले की बांधीत तणस उरते. धान राईसमिलमध्ये भरडले की भुसा उरतो. क्विंटलमागे साधारण वीस किलो. हा भुसा इतका हलका की ट्रक शिगोशीग भरला तरी आत निम्म्याहून जास्त हवाच. डिझेल जाळून हवा वाहायला कोण तयार होईल? म्हणून तणस आणि भुसा वाळवतात, दळतात आणि लोखंडी डायच्या भोकातून दाबतात. दाबाने आणि उष्णतेने लाकडाचा अंश मऊ होतो, तोच डिंकासारखा चिकटतो. बाहेर पडते ती बोटाएवढी गुळगुळीत कांडी. तीच पेलेट. तेवढ्याच जागेत आता भुशाच्या पाच-सहा पट वजन बसते. पाण्याचा थेंब लागला की फुगून पुन्हा भुकटी होते. म्हणून तिला प्लास्टिकच्या चुंगडीत भरतात, तोंड शिवतात, वर ताडपत्री टाकतात. माणसाला मात्र दवात उभे करतात.

हे सगळे आले कुठून? दिल्लीवर धूर येतो. पंजाब-हरियाणात शेतकरी तणस जाळतात, त्याचा धूर मंत्र्यांच्या नाकात जातो. २०२१ साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने धोरण काढले: कोळशाच्या वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर पेलेटही जाळावेत, सुरुवात पाच टक्क्यांपासून. त्यासाठी मिशन काढले, नाव 'समर्थ'. आमच्या आजूबाजूला मौदा आहे, तिरोडा आहे, कोराडी आहे, खापरखेडा आहे. शिवाय बॉयलर असलेले लहानमोठे कारखाने. तणसाला भाव आला. चांगले झाले. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर आमच्या पोटात दुखत नाही, आमच्यातही दोन एकरवाले आहेत. धूर कमी झाला तर आमच्या पोरांच्या छातीतही कमी जाईल. धोरण वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही गोळी चुंगडीतून ट्रकमध्ये जाते कशी?

जाते आमच्या पाठीवरून.

मी मुंबईत राहून थोडा माजलो होतो. गोदीत कंटेनर आहे, क्रेन आहे, फोर्कलिफ्ट आहे. आमच्या वाट्याला येते ते सुटे, फुटके, सांडलेले. सलग ओझे वाहायची सवय मोडली होती. पहिल्याच दिवशी मामांनी पाठीला गोणपाट बांधून दिले आणि म्हणाले, "मान खाली घालू नको, नजर फळीवर ठेव."

टोळी सहा जणांची. दोघे कट्टा उचलून पाठीवर चढवतात, तिघे वाहतात, एक जण वर थप्पी लावतो. पाळीपाळीने जागा बदलतात. एक कट्टा पन्नास किलो. दहाचाकी ट्रकमध्ये अठरा टन बसतात, म्हणजे ३६० कट्टे. दिवसाला दोन ट्रक, म्हणजे ७२० कट्टे. सहा जणांत वाटा. प्रत्येकाच्या पाठीवर १२० कट्टे. सहा हजार किलो. सहा टन एका माणसाच्या मणक्यावरून एका दिवसात गेले. यात दुसऱ्याच्या पाठीवर चढवलेले धरलेले नाहीत. ट्रक नसला की ट्रॅक्टरची ट्रॉली. ती 'लहान' म्हणून तिची हमाली कमी. कट्टा मात्र तोच.

तागाच्या पोत्याला आकडा मारता येतो, ते पाठीला धरून राहते. प्लास्टिकच्या चुंगडीला आकडा मारला की फाटते, आत गोळ्या घरंगळतात, ओझे मासोळीसारखे अंगावर हलते. तांदळाचा कट्टा पाठीवर बसतो, पेलेटचा पळतो. ही गोष्ट वाहणाऱ्यालाच कळते. धोरण लिहिणाऱ्याला कळायचे कारण नाही.

आणि धूळ. धानाच्या भुशात वाळूचा अंश असतो, सिलिका. ती लोखंडी डायसुद्धा झिजवते. डाय झिजली की बदलतात. चुंगडीची तोंडे शिवायला आमच्या मावश्या, वहिन्या बसतात. त्या नाकातोंडाला पदर बांधतात. सुटी झाल्यावर पदर झटकतात, तर ऊन पिवळे होते. त्यांचे काय झिजते ते मोजायचे यंत्र अजून त्या कारखान्यात आलेले नाही.

मोजायची यंत्रे तशी पुष्कळ आहेत. एकदा मी काट्यावरची पावती वाचली. मॅट्रिक असल्याचा तेवढाच उपयोग. ट्रकचा नंबर. कट्टे किती. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, किलोपर्यंत. मालातला ओलावा किती टक्के. राख किती. उष्णता किती. गोळीच्या जाडीलासुद्धा नियम. ड्रायव्हरचे नाव, काट्यावरच्या बाबूची सही. ज्यांनी ३६० कट्टे भरले त्यांचे नाव कुठेच नाही. गोळीला स्पेसिफिकेशन आहे, पाठीला नाही.

पहिल्या दिवशी त्या बाबूने मला नाव विचारले होते. मी नाव सांगितले. तो म्हणाला, "पूर्ण सांग ना बे." आडनाव ऐकले आणि मान हलवली. मला वाटले, रजिस्टरात लिहील. त्याच्यासमोर रजिस्टरच नव्हते. आडनाव त्याला लिहायचे नव्हते, फक्त ऐकायचे होते. सहा जणांच्या टोळीत चार आमचे, एक गोवारी, एक ढिवर. काट्यावर, गल्ल्यावर, मालकाच्या खुर्चीत आमचा एकही नाही. कामाची वाटणी झाली तर समजू शकतो. इथे कामगारांचीच वाटणी झाली आहे, जन्माच्या आधीच. बाबासाहेबांनी हा फरक १९३६ सालीच दाखवून दिला होता. काट्याच्या अलीकडे-पलीकडे उभे राहिले की तो अजून दिसतो.

आता दुसरी गोष्ट ऐका. हिच्यामुळेच लिहायला बसलो.

एके रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. युरोपातला कुठला तरी थंड गाव. एक गोरा गृहस्थ आपल्या मोटारीमागे लहानसा ट्रेलर जोडून दुकानात गेला. थंडीत घर तापवायला त्याने विकत घेतले पेलेट! हुबेहूब आपलीच गोळी, फक्त लाकडाच्या भुशाची. तिकडे कित्येक घरांत पेलेटची शेगडी असते. तो गडी मोजून पिशव्या ट्रेलरमध्ये ठेवत होता. त्याला काळजी ट्रेलरच्या स्प्रिंगची. एका खेपेत अर्धा टन न्यावा की पूर्ण? चाकात हवा पुरेशी आहे का? वजन पुढे जास्त झाले की मागे? घरी नेऊन त्याने त्या तळघरात रचल्या. कमरेला हात लावून हसला.

मी पिशवी बघत होतो. त्या पिशवीवर लिहिले होते १५ किलो.

युरोपात घरगुती पेलेटची पिशवी पंधरा किलोची असते. अमेरिकेत चाळीस पौंडांची, म्हणजे अठरा किलोची. टनाला तिकडे सहासष्ट पिशव्या, आमच्याकडे वीस कट्टे. तीच कांडी, तोच उपयोग, जाळायचा. मग तिथे पंधरा आणि इथे पन्नास का? गोऱ्याच्या अंगात ताकद कमी आहे? दूध-मांस खाऊन वाढलेला धिप्पाड माणूस तो. उत्तर सोपे आहे. तिथे जो जाळतो त्यालाच उचलावी लागते. गिऱ्हाइकाची पाठ दुखली तर तो उद्या दुसरे दुकान बघेल. इथे जाळणारा वेगळा, विकणारा वेगळा, उचलणारा वेगळा. उचलणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणून कोणी विचारत नाही आणि कामगार म्हणून कोणी लिहून घेत नाही. ओझे किती असावे हे मालावरून ठरत नाही. उचलणारा कोण आहे त्यावरून ठरते.

कोणी शहाणा म्हणेल, पन्नास किलो नियमात बसते. मला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ठराव आणि शिफारस केली, प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची हद्द ५५ किलो. आपल्याकडे पूर्वी क्विंटलचे पोते माणसाच्या पाठीवर द्यायचे. ते पन्नासावर आले ते कुणाच्या दयेने नाही. हमालांच्या संघटना वर्षानुवर्षे भांडल्या. पण पंचावन्नचा आकडा हा एका ओझ्याचा आहे. दिवसाला एकशेवीस वेळा, दवाने ओल्या फळीवरून, बावन्न वर्षांच्या माणसाने न्यायच्या ओझ्याचा नाही.

बावन्न वर्षांचे म्हणजे माझे मामा.

जानेवारीतली सकाळ. धुके. दुसरा ट्रक संध्याकाळऐवजी पहाटेच लागला होता. फळीवर दव. वरचा थर चालू होता, म्हणजे जमिनीपासून दहा फुटांवर. मामांच्या पाठीवरची चुंगडी डावीकडे घसरली. त्यांनी ती सावरली. हमालाचा हात माल सावरायलाच आधी जातो, स्वतःला नाही. चुंगडी सावरली गेली आणि मामा खाली आले. कमरेवर. कट्टा फुटला. गोळ्या पसरल्या.

मुकादम धावला. आधी गोळ्यांकडे बघितले. खोटे लिहीत नाही.

मी काट्यावर गेलो. बाबू म्हणाला, "तो आमचा माणूस नाही, मुकादमाचा आहे." मुकादम म्हणाला, "माझा नाही गा, टोळीचा आहे. टोळी आपल्या मर्जीनं येते." मालक नागपूरला. ट्रकवाला म्हणाला, माझा तर संबंधच नाही. तीस वर्षे ज्याने जिल्ह्याचा तांदूळ पाठीवर वाहिला, तो माणूस कमरेवर पडला त्या मिनिटाला कुणाचाच नव्हता. आम्हीच ट्रॉलीत तणस टाकून त्यांना दवाखान्यात नेले. मणक्याची चकती सरकली आहे. डॉक्टर म्हणाले ओझे बंद. मामी म्हणाली, "ओझं बंद, मंग चूल कशी चालू राहीन?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. एकाही कवितेत मला ते सापडले नाही.

संध्याकाळी मुकादमाने हिशेब केला. कारखाना कट्ट्याला सहा रुपये देतो, आम्हाला पाच मिळतात. फुटलेल्या कट्ट्याचे पैसे कापले. मामांचा अर्धा दिवस धरला. "माणुसकी म्हणून," असे म्हणाला.

मित्रांनो, आता रागावून उपयोग नाही. राग मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. मी कायदा वाचला.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मुंबईत मशीद बंदरच्या गोदामांत, बाजारांत डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केले, त्या लढ्यातून तो आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तिने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. माणूस कुणाचा हा प्रश्न या कायद्याने सोडवला. कामगाराची नोंद मंडळाकडे. मालकाची नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही भरायची. त्यातून कामगाराला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. मुकादमाचा एक रुपया मधून नाहीसा. आणि त्याच्या परिशिष्टात कामे कोणती लिहिली आहेत? भरणे, उतरवणे, रचणे, वाहणे, वजन करणे, मोजणे. पुढे वाचा: पोती भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे. म्हणजे पदर बांधून बसलेल्या आमच्या मावश्याही त्यात आहेत. केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू केल्या, जुने एकोणतीस कायदे त्यांत गुंडाळले. माथाडी कायदा मात्र राज्याचा आहे, तो वेगळा उभा आहे. कायदा आहे. भंडाऱ्याच्या त्या फळीपर्यंत तो चालत आला नाही, कारण त्याला बोलवायला कुणी गेले नाही. आम्हीही नाही.

इथे आमच्यातलेच काही म्हणतात, "बोभाटा करू नका. मालक मशीन आणील. मोठाल्या जंबो बॅगा, क्रेन. मग हमाली पण जाईल." ही भीती खोटी नाही. मी गोदीतला आहे, मला विचारा. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. कंटेनर आले आणि मुंबईच्या गोदीतल्या टोळ्या वितळून गेल्या. पण वितळताना काय झाले ते बघा. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंद सुरू झाली होती, त्यांचे बोर्ड झाले होते. ज्यांची नावे रजिस्टरात होती त्यांच्याशी सरकारला बोलावे लागले. पैसे मोजून, पेन्शन देऊन निरोप द्यावा लागला. ज्यांची नावे नव्हती त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवरच्या शिपायाने ओळखले नाही. मशीन येणारच आहे. आपण गप्प बसलो तरी येणार, ओरडलो तरी येणार. ती यायच्या आधी आपले नाव कुठे लिहिलेले असेल, एवढेच आपल्या हातात आहे. पाठ मोडणाऱ्या ओझ्यासाठी मी रडणार नाही. क्रेनने उचलावे, खुशाल उचलावे. पण क्रेनच्या चाव्या आमच्या पोरांना शिकवा आणि म्हाताऱ्यांचा हिशेब चुकता करा.

आणखी एक गोष्ट सांगतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांनी स्वतःच्या शेतात एचएमटी धान निवडून काढले. त्या धानावर या मुलखातल्या किती गिरण्या चालल्या, किती जणांनी बंगले बांधले. दादाजी २०१८ साली गेले, हलाखीत गेले. म्हणजे धान शोधणारा आमचा, धान वाहणारा आमचा. आता भुसासुद्धा आमच्याच पाठीवर. मधला पैसा तेवढा दुसऱ्याचा. एका माणसाचे नाव धानाच्या पोत्यावर यायला हवे होते, आले नाही. आमचे नाव निदान काट्याच्या पावतीवर तरी यावे.

म्हणून मागण्या साध्या लिहितो. क्रांतीच्या मोठ्या शब्दांनी सजवत नाही.

एक. पेलेटची चुंगडी पंचवीस किलोची करा. गोळी आहे, कितीही लहान पिशवीत मावते. तिचे काही बिघडत नाही.

दोन. प्रत्येक ट्रकच्या पावतीवर भरणाऱ्या टोळीतल्या प्रत्येकाचे नाव लिहा. आडनावासकट. विचारता तर लिहा.

तीन. टोळीची आणि शिवणाऱ्या बायांची माथाडी कायद्याखाली नोंद करा.

चार. सरकारी धोरणातून ज्याला पैसा मिळतो, त्याच्याकडून मालाच्या ओलाव्याचा दाखला मागता, तसाच कामगारांच्या नोंदीचाही मागा. दाखला नाही तर गाडी परत. ओल्या मालाची गाडी परत पाठवता येते, मग ही का नाही?

शहरातल्या वाचक मित्रांनो, तुमच्याकडे मी हार-तुरे मागत नाही. तुम्ही शिकलेले आहात. कुणी वकिली करता, कुणी कॉलेजात आहात, कुणी कलेक्टर कचेरीत चिकटला आहात. १९५४ साली याच भंडाऱ्यातून बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास १९४६ साली फॅक्टरी कायद्यात आले तेव्हा मजूर खात्याचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्यांना इथे मते कमी पडली. आमचे म्हातारे अजून ते सांगताना खाली बघतात. त्याची भरपाई चौकात फोटो लावून होत नाही. एक दिवस सुटी काढा. राईसमिलच्या, पेलेटच्या फाटकावर या. अर्ज कसा भरतात ते टोळीला शिकवा. कचेरीत साहेबाने उद्या या म्हटले तर उद्या पुन्हा जा, कारण टोळीला उद्या जाता येत नाही. तिचा उद्याचा ट्रक लागलेला असतो.

मी उद्या गोदीत परत जातो आहे. नवा ठेका लागला. अर्ज लिहून मामांकडे ठेवला आहे. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पहिला अंगठा लावला. नंतर मामी सगळ्या घरांत घेऊन फिरली. परवापर्यंत त्यावर अकरा सह्या आणि चार अंगठे झाले होते. काही जण मुकादमाला भितात, ते अजून विचार करत आहेत. त्यांना दोष देत नाही. मुकादमाने आमच्या टोळीला दोन दिवस ट्रक दिला नाही.

अर्जाची नक्कल संपादकांकडे पाठवली आहे. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी.

जय भीम.